बॉल पल्याड असताना

आमच्या घरात बोलणं संपायच्या आत हात सुरू होतात. वडील बन्सीधर होते तोवर चाबूक त्यांच्याकडे असायचा. ते गेल्यावर आम्ही दोघा भावांनी ते काम वाटून घेतलं. उद्धवदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. माझा वरचा एक दात त्याने पाडलाय, त्याच्या कपाळावरची खोक माझी आहे. कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह, म्हणून गावातले लोक हसत म्हणतात, देवच तसला, तर हे कसे निघणार. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, पण आपल्या रागाला देवाचा आधार मिळाला की बरं वाटायचं, हे कबूल करतो.

मानवतला आमचं बियाण्यांचं आणि पिकांवर फवारायच्या औषधांचं दुकान आहे. लायसन्सला शेतकीची पदविका लागते. ती माझ्याकडे आहे, म्हणून कागदोपत्री दुकान महारुद्रचं, म्हणजे माझं. मी गल्ल्यावर बसतो. दादा मोटारसायकलवर शेतं फिरतो, कपाशीचं पान उलटं करून बघतो आणि हे मारा, ते मारू नका असं सांगतो. लोक त्याच्या शब्दावर दुकानात येतात आणि पायरीवरूनच विचारतात, "उद्धवभाऊ हायत का?" मी समोर बसलेला असतो. वीस वर्षं मी हा प्रश्न ऐकत आलोय.

दोन हजार बावीसच्या हंगामात एका औषध कंपनीने दुकानदारांसाठी योजना काढली. ठरलेला माल जो उचलेल त्याला नोव्हेंबरात कतारला नेणार, दोहा शहरात, फुटबॉलचा वर्ल्ड कप दाखवायला. कंपनीचा माणूस सिद्धोधन रंगीत पत्रक घेऊन आला, तेव्हा दादाने ते माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

त्याचं कारण सांगायला हवं. परभणीच्या कॉलेजात दादा तीन वर्षं गोलकीपर होता. नांदेडच्या, हैदराबादच्या टीमा यायच्या आणि ह्याच्यापुढे हात टेकायच्या. मी गोलच्या मागे उभा राहून बॉल आणून द्यायचो. तिसऱ्या वर्षी ऐन मॅचमध्ये वडील मैदानात घुसले. घरी तुरीची कापणी खोळंबली होती. दोन खांबांच्या मधोमध, सगळ्यांदेखत, त्यांनी दादाला चाबकाने फोडला. शर्ट फाटून पाठीला चिकटला. मी तिथेच उभा होतो, म्हणून सांगतो, फटके बसत असतानाही तो पल्याडच्या गोलकडे बघत होता, बॉल कुठे आहे ते. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही.

"टीव्हीत पाह्यतोस की सगळ्या मॅची," मी त्याला म्हणालो.

"टीव्हीवाला बॉलच्या मागं पळतो," दादा म्हणाला. "गोलकीपर कवा दिसतो? बॉल अंगावर आला की. बॉल पल्याड असताना त्यो काय करतो, कुठं उभा राह्यतो, त्ये कुणीच दावत न्हाई. मोठा गोलकीपर तवाच वळखायला येतो. त्ये तिथं बसूनच पाहावं लागतंय. एकदा पाह्यलं की बस, मग मेलाव तरी चालतंय."

असं काही बोलणारा माणूस तो नव्हे. पासपोर्टही त्याच्याकडे होता, चार वर्षांपूर्वी कोणाला न सांगता काढलेला. माझ्याकडे नव्हता.

माल आम्ही उचलला आणि दादाच्या तोंडावर तो खपलाही. जागा एकच मिळाली, अर्थात लायसन्सवाल्याच्या नावाने. सिद्धोधन म्हणाला, "दहा ऑक्टोबरपर्यंत पत्र द्या, नाव बदलून घेतो. नंतर तिकडचं हय्या कार्ड निघतं. तेच व्हिसा, तेच सगळं. एकदा निघालं की मग माझ्या हातात काही नाही." मी दादासमोर पत्र लिहिलं, माझ्याऐवजी उद्धव बन्सीधर यांना न्यावे, सही केली, शिक्का मारला आणि सिद्धोधन पुन्हा येईल तेव्हा द्यायला ड्रॉवरमध्ये ठेवलं. तुमचाही पासपोर्ट काढून ठेवा, कागदोपत्री लागेल, असं तो म्हणाला होता, म्हणून मी अर्ज करून टाकला. त्या दिवसापर्यंत माझ्या मनात खरंच काही नव्हतं.

मग बॅनर लागला. तालुक्यातल्या दुकानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष तात्याराव. कतारला तालुक्यातून दोघांची वर्णी लागली होती, ते आणि मी. त्यांनी कोणाला न विचारता चौकात दहा बाय पंधराचा बॅनर ठोकला. 'फुटबॉल विश्वचषकासाठी कतार देशात निवड झाल्याबद्दल मा. महारुद्रभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन.' निवड! अर्ध्या गावाला वाटलं मी खेळायलाच चाललोय. वर माझं तोंड, बैलगाडीच्या चाकाएवढं. लोक थांबून हात मिळवायला लागले. शाळेत बोलावून मला शाल आणि श्रीफळ दिलं. माझी माय, धुरपताबाई, एसटीने गावाहून आली आणि बॅनरवरच्या माझ्या गालाला हात लावून आली. पायरीवरून लोक विचारायला लागले, "महारुद्रभाऊ हायत का?"

मला ऑफसाइड म्हणजे काय हे आजही सांगता येत नाही. पण तो प्रश्न मला गोड लागला. आठ तारखेला सिद्धोधन आला. मी त्याला चहा पाजला, पावसापाण्याच्या गप्पा केल्या. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी तो उघडला नाही.

"कंपनी न्हाई म्हणायली," मी दादाला सांगितलं.

 तो म्हणाला, "बरं. तू तरी जा." आणि मोटारसायकल काढून कोणाच्या तरी कपाशीत निघून गेला. त्याने मला दोन ठेवून दिल्या असत्या तर मी निवांत झालो असतो.

निघायच्या दिवशी सकाळी दुकानापुढे ही गर्दी. हैदराबादेत सगळ्या दुकानदारांना जमायचं होतं. जीप उभी होती, हार आले होते आणि तात्यारावांनी चौकातला बॅनर उचलून आमच्या दुकानावर ठोकला होता, फोटोसाठी. दादाही आला होता. माझी बॅग त्यानेच जीपमध्ये ठेवली. कुलूप लावायचं म्हणून किल्ली शोधायला त्याने ड्रॉवर उघडला.

मी हार घालून पायरीवर उभा होतो. मागे ड्रॉवरमधली खडखड बंद झाली म्हणून वळून बघितलं. पत्र त्याच्या हातात होतं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं, शिक्क्यासकट, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि माझ्या अंगावरून बाहेर गेला. खताच्या पोत्यांवर चढून त्याने दोन्ही हातांनी बॅनर धरला आणि सगळं वजन टाकून ओढला. लाकडी पट्ट्या कडाकड मोडल्या. माझं तोंड मधोमध फाटत खाली आलं.

"दादा, लोकं पाह्यलेत!" मी ओरडलो.

"पाहू दे. तू दिलंच न्हाईस?"

"ऐकून तर घे..."

"दिलंच न्हाईस तू!"

पहिली थोबाडीत एवढी जोरात बसली की मी फवारणीच्या पंपांवर जाऊन पडलो. उठतो न उठतो तोच त्याने गळ्यातला हार धरून मला रस्त्यावर ओढलं. तोंडात रक्ताची चव आली. मी त्याच्या पोटात डोकं घातलं, तो मागे गेला, पुन्हा आला. त्याने मला पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि गोलकीपरचे ते हात माझ्या गळ्याभोवती घातले. आजवर आम्ही खूप मारामाऱ्या केल्या, पण गळ्याला हात कोणी घातला नव्हता. "आवरा, आवरा" म्हणत लोक भोवती नाचत होते, जवळ कोणी येईना. माझ्या कानात घूं असा आवाज सुरू झाला. खाली चाचपडणाऱ्या हाताला एक लाकूड लागलं. मी ते फिरवलं.

ती बॅनरची पट्टी होती. तिला बोटाएवढा खिळा होता, तात्यारावांनी स्वतः ठोकून घेतलेला.

दादा ओरडला नाही. गळ्यावरचे हात सुटले, एवढंच. तो माझ्या छातीवरून बाजूला कलंडला. पट्टी त्याच्या डाव्या डोळ्यापाशी तशीच लटकत होती. मग त्याने ती स्वतःच्या हाताने धरली आणि उपटून काढली. ओंजळ चेहऱ्याला लावली. बोटांच्या फटींतून रक्त आलं आणि रक्तापेक्षा पातळ असं काहीतरी आलं, ते मी कधी विसरणार नाही. मला तिथेच उलटी झाली, हाराच्या फुलांवर.

हैदराबादेला न्यायला आलेल्या जीपने आम्ही त्याला परभणीच्या दवाखान्यात नेलं. त्याची बायको, सुमंगलावहिनी, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.  डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं, पोलिसांना कळवावं लागेल. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "बॅनर काढायलतो. पोत्यावरून पडलाव, खिळा लागला."

डॉक्टरांनी माझ्या गळ्यावरच्या वळांकडे बघितलं, पण लिहून मात्र तेच घेतलं.

डोळ्यावर बोळा बांधल्यावर दादाने मला जवळ बोलावलं. "गाडी कवा हाय तुझी?"

"मी न्हाई जात, दादा."

त्याने पडल्या पडल्या माझी कॉलर धरली. "आता न्हाई गेलास तर पोलिसाला खरं सांगतो. अन् गेल्यावर हार घालून हिंडू नको. बघून ये. बॉल पल्याड असताना गोलकीपर काय करतो त्ये डोळ्यात घालून आण अन् मला सांग. तेवढं एक दे मला, रुद्र्या. दुसरं तुझ्याकून काय बी नगं."

मी पाया पडायला वाकलो. त्याने पाय ओढून घेतले.

असा मी दोह्याला पोचलो. इतकं झालं तरी गेलोच कसा, असं लोक विचारतात. मी गेलो, कारण ते एकच काम माझ्याकडे उरलं होतं. शहर काचेचं आणि स्वच्छ. रस्त्याला थुंकायची भीती वाटावी असं. समुद्रकाठी जगभरचे लोक तोंडं रंगवून नाचत होते. आमच्या ग्रुपने हॉटेलच्या खोलीत ज्वारीची कडक भाकरी आणि ठेचा काढला. मला एक घास गिळता येईना, गळा आतून सुजलेला होता. मेट्रोच्या तोंडाशी एक माणूस उंच खुर्चीवर बसून हातातल्या फोमच्या भल्यामोठ्या पंजाने वाट दाखवत होता. आमचं बोलणं ऐकून त्याने विचारलं, "किधर के भाई?" परभणी म्हटल्यावर हसला, "हम निजामाबाद के, बाजूवालेच." मॅच बघितली का, असं मी विचारलं. "नक्को पूछो," तो म्हणाला. "बस रास्ता दिखाते बैठे हैं." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, का ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकची मॅच. सकाळी वहिनीचा फोन आला. "भावजी, नांदेडला आणलंय यान्ला. डोळा काढला." ती पुढे म्हणाली, "मॅच कितीला हाय म्हणून विचारायलेत."

स्टेडियममध्ये आमच्या जागा नेमक्या गोलच्या मागे होत्या. नशीब म्हणायचं की काय म्हणायचं. पाठमोरा गोलकीपर माझ्यासमोर, पिवळ्या शर्टात. मॅच सुरू झाली आणि बॉल पल्याड गेला. मी गुडघ्यावर मुठी दाबून त्या माणसाकडे बघायला लागलो. चाळीस हजार लोक बॉलकडे बघत होते आणि मी एकटा त्याच्याकडे. तो दोन पावलं पुढे गेला. थांबला. उजवीकडे सरकला. मला वाटलं, हां, आता समजायला लागलंय, आता तो काहीतरी...

समोर कापड आलं.

तात्यारावांनी आमच्या चौकातल्या बॅनरची छोटी प्रत कापडावर छापून आणली होती. माझं तोंड, त्यांचं तोंड, संघटनेचं नाव. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं पुढच्या रांगेतल्या दुकानदाराच्या. "महारुद्रभाऊ, मुंडी वर करा, टीव्हीत दिसायलाव!"

"खाली घ्या," मी म्हणालो.

"अहो, गावात सगळे बघायलेत!"

"तात्याराव, खाली घ्या. मला गोलकीपर दिसंना."

"गोलकीपर काय बघताव? बॉल तिकडं हाय की!"

माझ्या समोर, कापडाच्या मागच्या बाजूनेही उमटलेलं, माझंच तोंड फडफडत होतं, हसरं, आणि त्याच्यामागे तो माणूस काय करत होता ते मला दिसत नव्हतं. पुढचं मी ठरवून केलं नाही, पण केलं मीच. मी तात्यारावांच्या तोंडावर ठोसा मारला. ते खुर्चीवर आदळले, तरी कापड सोडेनात, म्हणून दुसरा मारला. तिसऱ्याला माझ्या बोटात त्यांचा दात रुतला. संघटनेच्या नावावर रक्त उडालं. एक बाई किंचाळली. चार धिप्पाड रखवालदार आले, त्यांनी माझे हात पाठीमागे पिरगाळले आणि मला पायऱ्यांवरून फरफटत वर नेलं. मी मान वळवून बघायचा प्रयत्न केला. एकाने माझं डोकं दाबून धरलं.

जेमतेम बारा मिनिटं झाली असतील.

बिनखिडकीच्या एका खोलीत त्यांनी मला बसवलं. सिद्धोधन बाहेर हात जोडून कोणाकोणाची माफी मागत होता. भिंतीपलीकडून गर्जना यायची आणि विरून जायची. गोल झाला की हुकला, कोणाचा, काही कळत नव्हतं. त्याच वेळी नांदेडात माझा भाऊ पलंगावर पडून उरलेल्या डोळ्याने मोबाईलकडे बघत असणार, हे मात्र पक्कं कळत होतं. मी भिंतीवर डोकं आपटलं. पहाऱ्यावरच्या माणसाने खुणेने सांगितलं, असं करू नको.

तात्यारावांनी तिथे तक्रार केली नाही, म्हणून मला सोडलं. गावात त्यांनी सांगितलं की हॉटेलच्या न्हाणीत पाय घसरला आणि दोन दात गेले. संघटनेची इज्जत त्यांना दातांपेक्षा मोठी. त्यामुळे माझी गोष्ट माझ्यापाशीच राहिली.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. दादा आधीच येऊन बसला होता, डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. शटर अर्धवट वर होतं. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"बस," तो म्हणाला. "मॅच पाह्यली मी. स्कोर सांगू नको. त्यो सांग."

मला खरं सांगायचं होतं. नरसिंहाची शपथ, वाटभर तेच घोकत आलो होतो. पण त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उरलेला डोळा मिटून घेतला. गोष्ट ऐकायला बसल्यासारखा. तसा माणूस समोर असताना 'पाहिलं नाही' हे शब्द तोंडातून निघेनात.

"बॉल पल्याड गेला की दोन पावलं म्होरं यायचा," मी म्हणालो. हे खरं होतं.

"हां."

"थांबायचा. मग उजवीकडं सरकायचा जरासा."

"बरोबर हाय. त्यांचा डावा खेळाडू लय चपळ होता. अन् मग?"

खरं तिथे संपलं होतं. "मग... तोंडातल्या तोंडात बोलायचा. आपल्याच गड्यांची नावं घ्यायचा, एकेकाचं."

दादाच्या ओठांवर हसू आलं. पंचवीस वर्षांत मी ते बघितलं नव्हतं. "अन्?"

मला थांबता आलं नाही. डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ दिसत होतं. "मग मागं येऊन टाचेनं खांबाला दोनदा ठोकायचा. अन् खाली वाकून तळहातावर थुंकायचा अन् दोन्ही हाताला माती चोळायचा..."

हसू गेलं. डोळा उघडला.

"माती?"

माझे चोळणारे हात थांबले.

"तिथं निस्तं गवत असतंय, रुद्र्या. अन् त्यान्च्या हातात मोजे असतेत." तो सावकाश उभा राहिला. आवाज अगदी खाली होता. "ह्ये तर मी करायचो."

"दादा..."

"पाह्यलंच न्हाईस तू. माझा डोळा घेऊन गेलास अन् पाह्यलं बी न्हाईस."

मीही उभा राहिलो. त्याची मूठ वळलेली दिसली. जन्मात पहिल्यांदा मी हात वर केले नाहीत. त्याने खांद्यातून सगळा जोर काढून ठोसा मारला.

हात माझ्या कानाजवळून गेला आणि शटरच्या पट्टीवर आदळला. सगळं दुकान दणाणलं. मी जागचा हललो नव्हतो. हातभर अंतरावरचं माझं तोंड त्याच्या एका डोळ्याला सापडलं नव्हतं. ज्याच्या हातातून तीन वर्षं परभणीच्या मैदानावर बॉल सुटला नाही, तो माणूस आपल्या सालटं निघालेल्या मुठीकडे बघत राहिला, मग माझ्या तोंडाकडे, मग पुन्हा मुठीकडे.

त्याने पुन्हा हात उगारला. या वेळी तो कुठून येतोय ते मी नीट पाहिलं आणि तोंड त्याच्या वाटेत नेऊन धरलं.